घोडा, ट्रेलर आणि मधली फट : जोडणी शिकतानाचे चार महिने

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. उत्तरायण, म्हणजे इकडची संक्रांत, आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस बडोद्याजवळचं आमचं ट्रेलरच्या गाड्यांचं यार्ड बंद होतं, आमचे नेहमीचे उस्ताद गावाला गेलेले, आणि सकाळी साडेसातला एक बदली ड्रायव्हर कामावर आला. मी ऑफिसच्या दारात चहा घेऊन उभी होते. त्याने घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा इंजिनवाला भाग, मागे घेतला, खट्ट करून मोठा आवाज आला, क्लीनरने हवेचे पाईप लावले, ट्रेलरचे पाय वर घेतले आणि गाडी निघाली. वीस-पंचवीस फूट गेली असेल नसेल, तर ट्रेलरचं नाक घोड्यावरून मागे घसरत घसरत आलं आणि जमिनीवर आदळलं. दोन्ही पाईप तुटून हवा सुटल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. क्लीनर मुलगा पाच फुटांवर उभा होता. त्याला काही झालं नाही, पण तो तिथेच खाली बसला आणि दहा मिनिटं काही बोललाच नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाबांना म्हटलं की मला हे शिकायचंय.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. लांब ट्रेलरची गाडी म्हणजे खरं तर दोन गाड्या. पुढचा इंजिनवाला भाग, त्याला सगळे ड्रायव्हर घोडा म्हणतात, आणि मागचा चाळीस फुटी ट्रेलर, ज्याला पुढे चाकंच नाहीत, नुसते दोन लोखंडी पाय, लँडिंग लेग. घोड्याच्या पाठीवर एक जाड गोल प्लेट असते, मागच्या बाजूला इंग्रजी व्ही सारखी फाकलेली, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरच्या नाकाखाली एक पिन लटकते, किंगपिन. ती त्या व्हीमधून आत सरकते आणि प्लेटीतला जबडा तिच्या मानेभोवती, म्हणजे मधल्या बारीक भागाभोवती, बंद होतो. चाळीस फुटी ट्रेलर आणि त्यावरचा सगळा माल त्या दोन इंची मानेवर ओढला जातो. फिफ्थ व्हील हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे, बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं गोल चक्र बसवायचे, चार चाकांच्या वरचं हे पाचवं. आणि आपल्याकडे इंजिनवाल्या भागाला घोडाच म्हणतात, हे मला फार आवडलं.

आमचे दोन घोडे आणि तीन ट्रेलर, यार्ड पोर गावाच्या बाजूला, हायवेपासून आत. घर बडोद्यात, दांडिया बाजारात. मी अकरा वर्षं हिशोब, बिलं, ई-वे बिल, फिटनेसच्या तारखा, हे सगळं बघत होते. पिनला कधी हात लावला नव्हता. बाबा स्वतः बघायचे, पण २०२३ मध्ये त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि वाकून ट्रेलरखाली बघणं बंद झालं. म्हणजे त्या दिवसापासून आमच्या यार्डात जोडणी तपासणारं कोणीच नव्हतं, आणि हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं आणि एक पडलेला ट्रेलर लागला. नुकसान ७२,००० रुपयांचं झालं, दोन्ही पाय वाकले, पाईप गेले, नाकाखालचं वेल्डिंग उघडलं, वर नऊ दिवस ट्रेलर उभा. पण मला पैशापेक्षा त्या मुलाचे पाच फूट जास्त आठवतात.

बाबांची एकच अट होती. "कागद आधी. हेवीचं लायसन्स हातात नसताना घोड्याच्या सीटवर बसायचं नाही, यार्डात सुद्धा नाही." मी म्हटलं यार्ड तर आपलंच आहे. ते म्हणाले, "यार्ड आपलं आहे, पण समोर उभा असलेला माणूस कोणाचा तरी आहे ना." मग वाद घातला नाही.

आता कागदांचं. माझ्याकडे २०१० पासून साध्या कारचं लायसन्स आहे, एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, त्यामुळे छोट्या टेम्पोवाल्यांना वेगळं काही लागत नाही. घोडा-ट्रेलर अर्थातच याच्या कितीतरी वर. त्यासाठी आधीच्या लायसन्समध्ये ट्रान्सपोर्टचा वर्ग वाढवून घ्यावा लागतो, त्याला अॅडिशन ऑफ क्लास म्हणतात, आणि त्याची मुख्य अट अशी की एलएमव्ही काढून किमान एक वर्ष झालेलं पाहिजे आणि वय किमान वीस. आठवी पासची अट पूर्वी होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली, हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या दोन क्लीनर मुलांना अजूनही वाटत होतं की शाळेचा दाखला नाही म्हणून आपल्याला हेवी मिळणारच नाही.

फॉर्म सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर भरला. पहिल्या दिवशी अडले ते माझ्याच चुकीमुळे, आधारवर लग्नानंतरचं आडनाव आणि लायसन्सवर माहेरचं. आधी लायसन्सवरचं नाव बदलून घ्यावं लागलं, त्यात जवळजवळ दोन आठवडे गेले. म्हणून सांगते, विशेषतः बायकांना, फॉर्म उघडायच्या आधी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. मेडिकल सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म १ए, ते ट्रान्सपोर्टला वय कितीही असलं तरी लागतंच, आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी डोळे, रंग ओळखणं, कान, सगळं नीट तपासून ३०० रुपयात दिलं. लर्निंगचे १५० रुपये भरले. आधीचं लायसन्स चालू असल्यामुळे कॉम्प्युटरवरची सिग्नल-चिन्हांची परीक्षा पुन्हा द्यावी लागली नाही. १२ फेब्रुवारीला लर्निंग हातात आलं. त्या दिवसापासून तीस दिवस थांबायचं, मग टेस्ट, आणि लर्निंग सहा महिने चालतं.

ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे तिथे शिकल्याचं सर्टिफिकेट, ट्रान्सपोर्टसाठी सक्तीचा आहे, स्वतः शिकलो असं चालत नाही. नियमाने महिनाभराचं शिक्षण आणि त्यात किमान पंधरा तास प्रत्यक्ष स्टिअरिंगवर. मी तीन स्कूलमध्ये विचारलं, ९,००० पासून १४,००० पर्यंत भाव सांगितले, एका ठिकाणी तर फोनवरच म्हणाले की यायची गरज नाही, सर्टिफिकेट मिळून जाईल. तिथे गेले नाही. १२,००० वाल्याकडे गेले कारण तिथले शिक्षक स्वतः वीस वर्षं लाइनवर होते आणि त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला की बेन, आरशात काय काय दिसतं ते सांगा. गुजरातीत बोलायचे, खूप शांत माणूस. पहाटे सहाला क्लास, मी घरातून सव्वापाचला निघायचे, आई माझ्यासाठी रोज थर्मासमध्ये चहा भरून ठेवायची आणि स्वतःही जागी राहायची, कितीदा सांगितलं तरी झोपायची नाही.

एक गोष्ट तिथे पहिल्या आठवड्यातच कळली. स्कूलची गाडी म्हणजे साधा ट्रक, एका चासीचा. ट्रेलर नाही, पिन नाही, जोडणं नाही. माझ्या पूर्ण कोर्समध्ये आणि नंतरच्या टेस्टमध्येही ट्रेलर कसा जोडायचा हे कोणी विचारलं नाही. म्हणजे लायसन्स हातात आलं म्हणून जोडणी येते असं मुळीच नाही. हे ड्रायव्हर ठेवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला पाहिजे, आम्ही अकरा वर्षं लायसन्सची झेरॉक्स फाइलला लावून निश्चिंत होतो.

मग जोडणी शिकायची ती उस्तादांकडूनच. आमचे उस्ताद बासष्ट वर्षांचे, उत्तर प्रदेशातले, बाबांबरोबर १९९८ पासून आहेत, मी त्यांना चाचा म्हणते. मार्चच्या प्रत्येक रविवारी सकाळी यार्डात, चाचा चालवणार आणि मी बाजूला उभी राहून बघणार, तपासणार, हँडल फिरवणार. पहिल्या रविवारी, २ मार्चला, त्यांनी मला घोड्याजवळ जाऊच दिलं नाही. दोन तास नुसती प्लेट साफ करून घेतली. जुनं काळं ग्रीस खरवडून काढायचं, कारण त्यात रेती मिसळली की ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचा पूर आला तेव्हा आमच्या यार्डात दोन दिवस गुडघाभर पाणी होतं, त्याची माती अजून जबड्याच्या कोपऱ्यात निघाली. साफ केल्यावर भेगा दिसतात का, बोल्ट ढिले आहेत का, जबडा पूर्ण उघडतो का, हँडल अडकतं का ते बघायचं, आणि मग नवं ग्रीस.

पिन मोजायला मिस्त्री आले. मानेचा व्यास नव्या पिनचा ५०.८ मिलीमीटर, आमच्या तिघांत सगळ्यात जुन्या ट्रेलरची ४९.६ भरली. मिस्त्री म्हणाले ४९ झाली की बदलायचीच, त्याच्या पुढे रेटायचं नाही. मोठ्या वजनाच्या ट्रेलरला साडेतीन इंची पिन असते, बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचं काम असल्यामुळे तसे ट्रेलर इकडे खूप दिसतात. बाहेरून भाड्याने ट्रेलर घेतलात तर पिन दोनची की साडेतीनची हे फोनवरच विचारा आणि आल्यावर परत बघा. साडेतीनच्या जबड्यात दोनची पिन गेली तर आत शिरेल, पण धरली जाणार नाही.

आता जानेवारीत नक्की काय चुकलं होतं ते चाचांनी मला ९ मार्चला दाखवलं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं शिकले ते हेच. आमच्या दोन घोड्यांच्या प्लेटीची उंची सारखी नाही, एकाची थोडी जास्त आहे. तो ट्रेलर उंच घोड्याने आणून उभा केला होता आणि पाय वरच्या वर टेकवून ठेवले होते. सुट्टीनंतर त्याच्याखाली बुटका घोडा घातला. त्यामुळे पिन जबड्याच्या आत न जाता वरच्या वर राहिली, तिचं डोकं, म्हणजे खालचं जाड टोक, जबड्यावरच टेकलं, आणि धक्क्याने जबडा रिकामाच बंद झाला. खट्ट आवाज आला तो त्याचा. ड्रायव्हरला वाटलं बसला.

चाचा म्हणाले, "बेटी, आवाज तो खाली जबडा भी करता है." म्हणजे आवाज तर रिकामा जबडाही करतो.

हे वाक्य मी यार्डाच्या भिंतीवर लिहून घेतलंय.

म्हणून उंची आधी. घोडा सरळ रेषेत आणायचा, तिरका नाही, आणि ट्रेलरच्या नाकापासून हातभर अंतरावर थांबायचं. खाली उतरायचं. ट्रेलरची खालची सपाट बाजू घोड्याच्या प्लेटीच्या मागच्या उतारावर येऊन टेकेल अशी पाहिजे, म्हणजे घोडा आत सरकताना ट्रेलर किंचित वर उचलला जाईल. ट्रेलर जास्त खाली असेल तर घोड्याची चासी त्याच्या नाकावर आदळते, जास्त वर असेल तर जानेवारीत झालं ते होतं. कमीजास्त असेल तर हँडल फिरवून पाय खालीवर करायचे, उस्तादांच्या अंदाजावर सोडायचं नाही, चाचा स्वतः सुद्धा उतरून बघतात. हँडलला दोन गिअर असतात, आत-बाहेर ढकलून बदलतात, वजन असताना हळू फिरणारा गिअरच लावायचा. २३ मार्चला मी गिअर अर्धवट लागलेला असताना जोर दिला आणि हँडल सुटून उलटं फिरलं, माझ्या मनगटावर बसलं. फ्रॅक्चर नव्हतं पण एक्स-रे आणि पट्टा मिळून १,१०० रुपये आणि दहा दिवस डाव्या हाताने टायपिंग. हँडल दोन्ही हातांनी धरा, तोंड त्याच्या रेषेत आणू नका, आणि काम झालं की लगेच हुकमध्ये अडकवा.

घोडा आत घालायच्या आधी ट्रेलरच्या चाकांना गुटके, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावलेले पाहिजेत. स्प्रिंग ब्रेकवाला ट्रेलर असेल तर हवा नसताना त्याचे ब्रेक लागलेलेच राहतात, पण जुन्या काही ट्रेलरना स्प्रिंग ब्रेक नसतो, त्यात हवा गळत गेली की ब्रेक सुटून जातात, आणि अंधारात कुठला ट्रेलर कसला हे कोणी आठवत बसत नाही. गुटका सगळ्यांना. आणि घोडा मागे येत असताना घोडा आणि ट्रेलरच्या मध्ये कोणीही उभं राहायचं नाही, पाईप धरून मदत करायला सुद्धा नाही. आमच्याकडे क्लीनर मुलं हे सर्रास करायची. आता जो सांगणारा आहे तो ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा बाजूला उभा राहतो, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की ड्रायव्हरने जागच्या जागी थांबायचं.

मग अगदी हळू मागे. खट्ट झालं की थांबायचं आणि पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून बघायचं, ट्रेलरचे ब्रेक लागलेले आणि पाय जमिनीवर टेकलेले असतानाच. लाल पाईप अजून जोडलेला नसतो म्हणून ब्रेक लागलेले असतात, आणि पाय खाली असल्यामुळे पिन सुटली तरी ट्रेलर पायांवर उभा राहतो. जानेवारीत हे ओढून बघणं झालंच नाही, पाय आधी वर घेतले. अमेरिकेत हवेचे पाईप आधी जोडून केबिनमधून ट्रेलरचे ब्रेक लावायची पद्धत आहे, क्रम वेगळा, पण ओढून बघणं तिथेही आहेच.

हे मला माझ्या मामेभावामुळे कळलं. तो टेक्सासमध्ये असतो, त्याने गेल्या वर्षी पिकअप ट्रकला जोडायचा राहायचा ट्रेलर घेतला, आत किचन, बेड सगळं, आणि तोही फिफ्थ व्हीलच. फक्त प्लेट पिकअपच्या मागच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर बसवलेली असते. मी त्याला व्हिडिओ कॉलवर आमचा जबडा दाखवला आणि त्याने मला त्याचा, पिन तीच दोन इंची, उंचीचं गणित तेच, ओढून बघणं तेच. त्याचं वेगळं एवढंच की मागे येताना पिकअपचं मागचं फाळकं आधी खाली पाडावं लागतं नाहीतर ट्रेलर त्यावरच आदळतो, आणि एक बारीक वायर पिकअपला अडकवतात, ट्रेलर सुटला तर ती खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के भार पिनवरून पिकअपवर येतो, म्हणून पिकअप तेवढं वजन झेलणारी आहे का हे आधी बघावं लागतं. त्याने शिकण्यासाठी रिकाम्या मैदानात दोन वीकएंड घालवले. दादा म्हणाला, "मला वाटत होतं मी एकटाच घाबरतो." आम्ही दोघं त्या दिवशी तासभर बोललो, लग्नकार्य सोडून इतकं कधी बोललो नव्हतो.

ओढून बघितल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक, आणि किल्ली खिशात. माझ्या खिशात, ड्रायव्हरच्या नाही, कारण खाली मी जाणार आहे. हे मी सोडणार नाही, कोणाला अविश्वास वाटला तरी चालेल. मग बॅटरी घेऊन आधी बाजूने बघायचं. घोड्याची प्लेट आणि ट्रेलरची खालची बाजू यांच्यामध्ये फट नको, एकमेकांवर बसलेल्या पाहिजेत. चाचा समोरच्या बाजूला उभे राहून विचारायचे, "उजाला दिखता है?" उजेड दिसला तर जोडलेलं नाही, परत सुरुवातीपासून. नंतर मागून ट्रेलरखाली वाकून जबड्याकडे बॅटरी मारायची आणि जबडा पिनच्या मानेभोवती बंद झालेला डोळ्यांनी बघायचा. मानेभोवती, डोक्याभोवती नाही. शेवटी सोडायचं हँडल पूर्ण आत गेलंय का आणि त्याचा सेफ्टी हुक लागलाय का.

पहिल्यांदा ट्रेलरखाली गेले तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की बॅटरीचा उजेड एका जागी राहीना. वर एवढं लोखंड आणि मी मान वाकवून. चाचा काही बोलले नाहीत, फक्त बाहेरून माझ्या बुटांजवळ बसून राहिले. तिसऱ्या-चौथ्या रविवारी ती भीती कमी झाली, गेली नाही, आणि जाऊ नये असं मला वाटतं. बायकांसाठी दोन कामाच्या गोष्टी, ओढणी नको, केस घट्ट बांधा, बांगड्या काढा, आणि लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज घ्या, पाच नंबरचा बूट बडोद्यात चार दुकानांत मिळाला नाही, ऑनलाइन १,१५० ला आला.

हे सगळं बघून झालं की मग पाईप, लाल हा हवा पुरवणारा आणि पिवळा ब्रेकचा, अदलाबदल झाली तर ब्रेक धड काम करत नाहीत, रबरी वॉशर फाटलाय का बघायचं. मग विजेची वायर, मग पाय पूर्ण वर, अर्धे वर घेऊन निघालं तर रेल्वे क्रॉसिंगला किंवा गतिरोधकाला अडकतात. पाय वर गेल्यावर सगळं वजन घोड्यावर येतं, तेव्हा परत एकदा बघायचं की घोड्याची चाकं आणि ट्रेलरचं नाक यांच्यात वळायला जागा आहे. लाइट, ब्रेक तपासून सगळ्यात शेवटी गुटके काढायचे.

दरम्यान टेस्ट. तीस दिवस १४ मार्चला झाले, त्या दिवशी धुळेटी, म्हणजे धुळवड. स्लॉट मिळाला २७ मार्चचा, दर्जीपुऱ्याच्या आरटीओत. अॅडिशनचे ५००, टेस्टचे ३०० आणि स्मार्ट कार्डचे २०० असे ऑनलाइन भरले होते, पावती, लर्निंग, मूळ लायसन्स, फॉर्म ५, फॉर्म १ए, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन गेले. मनगटाला पट्टा. पुढे चालवणं नीट झालं, रिव्हर्समध्ये मी डावीकडच्या खांबाला लागले आणि नापास झाले. इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, आरसा बघत होता पण एकच बघत होता. बरोबर होतं ते. घरी येताना रिक्षात रडले. नापास झालं तर सात दिवसांनी परत देता येते, टेस्टची फी परत भरायची, तीनदा नापास झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. ते सात दिवस मी स्कूलच्या शिक्षकांना विनंती करून फक्त रिव्हर्स केलं, त्यांनी जास्तीचे पैसे घेतले नाहीत, मीच दिवाळीला काहीतरी देणार आहे. ८ एप्रिलला पास झाले. त्या दिवशी बाबांनी यार्डातल्या सगळ्यांना शेव उसळ मागवली आणि स्वतः तिखट चालत नाही तरी दोन पाव खाल्ले. कार्ड २९ एप्रिलला स्पीड पोस्टने आलं. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षं असते, साध्या लायसन्ससारखी लांब नाही, तारीख लिहून ठेवा.

११ मे, रविवार, पहिल्यांदा मी सीटवर आणि चाचा आरशात. पहिल्या खेपेला तिरकी आले, परत पुढे घेतली. दुसऱ्यांदा पण तिरकी. तिसऱ्यांदा सरळ आली, थांबवली, उतरून उंची बघितली, पाय थोडे खाली घेतले, परत चढले, मागे घेतली. खट्ट. ओढून बघितली, घोडा दबला आणि तिथेच थांबला. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली, चाचांना दहा लागतात. चाचा म्हणाले पन्नासच लागू देत.

त्यानंतर यार्डात एक नियम केलाय. प्रत्येक जोडणीनंतर बंद जबड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, त्यात पिनची मान आणि हँडल दोन्ही दिसलं पाहिजे, फोटो आल्याशिवाय मी गेटपास देत नाही. सुरुवातीला ड्रायव्हरांना राग आला, एकाने विचारलं की मॅडम आमच्यावर भरोसा नाही का. मी त्याला जानेवारीतले पडलेल्या ट्रेलरचे फोटो दाखवले आणि त्या क्लीनर मुलाला बोलावलं. मुलाने स्वतः सांगितलं तो कुठे उभा होता ते. आता फोटो मागावे लागत नाहीत.

सोडताना सुद्धा तेवढंच बघावं लागतं. आपली जमीन काळी, पावसात पाय रुततात. जूनच्या शेवटी एका ट्रेलरचा डावा पाय रात्रीतून चार बोटं खाली गेला होता आणि नाक तिरकं झालं होतं, घोडा तसाच घातला असता तर पिन वाकडी शिरली असती. आता पायांखाली जाड लाकडी फळ्या ठेवतो, जुन्या वखारीतून २,४०० रुपयांना आठ आणल्या. सोडताना पाय कुठल्या घोड्याच्या उंचीला टेकवलेत ते खडूने ट्रेलरच्या नाकावर लिहितो, "उंच" किंवा "बुटका".

बाबा आता रोज दुपारी चारला यार्डात येतात. खुर्ची ट्रेलरच्या पलीकडच्या बाजूला टाकून घेतात, काठी टेकवतात, आणि मी इकडून वाकले की तिकडून विचारतात, "उजेड दिसतोय का गं?"

"नाही बाबा."

"हँडल?"

"आत आहे. हुक लागलाय."

मग ते क्लीनरला सांगतात, पाईप लाव.